काष्टीची आत्या

माझे सासरे प्रार्थना करू लागले की भोवतीची माणसं रडायची. आमच्या लग्नात दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, तेव्हा मीही रडले होते. इतकं सुंदर मराठी मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझे वडील एस.टी.त कंडक्टर. रविवारी ड्यूटी लागली तर ते चर्चला जात नसत आणि जेवणाआधी दोन शब्द पुटपुटून भाकरीला हात घालत. अशा घरातून मी कोपरगावात या घरी आले आणि मला वाटलं, आपण फार वरच्या घरात पडलो.

पप्पा शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच. पांढरा शर्ट, काखेत काळ्या कव्हरचं शास्त्र, म्हणजे बायबल. रोज पहाटे वाचन व्हायचं आणि आम्हाला सगळ्यांना बसावं लागायचं. जेवताना त्यांची प्रार्थना संपेपर्यंत आमटीवर साय धरायची. सासूबाई, म्हणजे आई, तेवढ्या वेळात पदराआडून माझ्याकडे बघून हसायच्या. डोळे मिटायचे असतात तेव्हा त्या माझ्याकडे बघून हसायच्या, हे मला पुष्कळ दिवस कळलंच नाही, कारण माझे डोळे मिटलेले असायचे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पप्पा लबाड नव्हते. मंडळीच्या पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही, दारू नाही, शिवी नाही. अंगात ताप असताना ते चर्चला चालत गेलेले मी पाहिले आहेत. ते लबाड असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांचा त्या सगळ्यावर विश्वास होता, आणि तरी ते तसे होते. याच गोष्टीचा मला आजही संताप येतो.

एका सकाळी आई मोरीपाशी पडल्या. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता हे असंच राहणार, पाठीला जखमा होऊ देऊ नका, दर थोड्या वेळानं कूस बदला. मी पलंग आतल्या खोलीत लावला होता. तिथून मोरी जवळ, आडोसाही होता. पप्पांनी तो बाहेरच्या खोलीत हलवायला लावला.

"भेटायला मंडळी येतील. त्यांना आत कुठं नेणार?" ते म्हणाले.

आणि मंडळी आलीच. दर बुधवारी आमच्या घरी सभा भरायला लागली. सतरंज्या टाकल्या जायच्या, पेटी यायची, भगिनी मंडळातल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून पलंगाभोवती बसायच्या. पप्पा आईंच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायचे, कुणीतरी मोबाईलवर फोटो काढायचं आणि तो लगेच मंडळीच्या ग्रुपवर पडायचा. खाली लोक हात जोडलेली चित्रं टाकायचे. पप्पा चष्मा लावून ती सगळी बघत बसायचे. मग चहा व्हायचा. आईंच्या अंगाखालची चादर ओली आहे हे त्या पलंगाला टेकून बसलेल्या बायकांना कळत नसेल असं नाही. वास येतोच. पण पदर नाकाला लावून त्या गीत म्हणत राहायच्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझे मिस्टर साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, सीझनमध्ये त्यांना शिफ्ट लागायच्या. दिवसा कामाला एक बाई ठेवली होती, ती आईंना जेवू घालायची, पण घाणीला हात लावायला कुरकुर करायची. शाळेतून येऊन मी पहिल्यांदा चादर उचलायचे, आणि बहुतेक दिवशी ती सकाळचीच असायची. पप्पा दिवसभर त्याच खोलीत खुर्चीत असायचे. एकदा मी विचारलं, "पप्पा, निदान मला फोन तरी करायचा. आई किती वेळ तशाच पडल्या होत्या!"

ते म्हणाले, "मी त्या वेळी तिच्यासाठीच देवाकडे मध्यस्थी करत होतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ते तसंच म्हणाले होते, आणि शांतपणे म्हणाले होते.

आईंच्या पाठीवर पहिली जखम झाली त्याच सुमाराला त्या एक शब्द काढायला लागल्या. "का... का..." एवढंच. डावा हात हलवायच्या आणि घशातून तो आवाज काढायच्या. मी कागद दिला, काकडी दिली, कापड दिलं. त्या मान हलवायच्या आणि रडायच्या. बुधवारच्या सभेत त्यांनी तेच सुरू केलं. पप्पा उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, ऐका. तिची वाचा गेली आहे, पण तिच्या ओठांवर कालवरी आहे, प्रभूला खिळलं ती टेकडी. या अवस्थेतही तिला वधस्तंभ दिसतो आहे."

सगळ्या खोलीनं 'स्तुती असो' म्हटलं. एक बाई हुंदके देऊन रडली. आई पलंगावरून माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत वधस्तंभ नव्हता. कुणी ऐकून घेत नाही म्हणून आलेला राग होता तो, मला स्पष्ट दिसला.

रात्रीची शिफ्ट नव्हती म्हणून मिस्टर घरी होते. सभा उठल्यावर आम्ही अंगणात उभे होतो. उसाच्या मळीचा वास सुटला होता. मी म्हटलं, "कालवरी नाही म्हणत त्या. दुसरंच काहीतरी आहे."

त्यांनी दाराकडे वळून पाहिलं. माझे मिस्टर वडिलांपुढे आयुष्यभर गप्पच राहिलेले. मग हळूच म्हणाले, "काष्टी म्हणत असेल ती."

"काष्टी? श्रीगोंद्याकडची? तिथं कोण आहे आपलं?"

"आत्या."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि माझ्या नवऱ्याला सख्खी आत्या आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं. पप्पांची धाकटी बहीण. तरुणपणी ती एका माणसाबरोबर राहायला गेली. तो बौद्ध घरातला, टेम्पोवाला, काष्टीच्या बाजारात जनावरांची ने-आण करायचा. त्याची पहिली बायको त्याला सोडून गेलेली, पण कागदोपत्री फारकत झालेली नव्हती, त्यामुळे लग्न लागलं नाही. चर्चमध्ये तर लागणं शक्यच नव्हतं. मंडळीनं तिला प्रभुभोजनातून काढलं, म्हणजे चर्चमधली भाकर आणि पेला तिला बंद झाला. ठराव वाचून दाखवायला तेव्हाचे पाळक कचरत होते, तेव्हा पप्पांनी तो स्वतः उभं राहून वाचला. सख्ख्या बहिणीचं नाव घेऊन, भरल्या उपासनेत. नंतर घरी येऊन त्यांनी सांगितलं की तिचं नाव या घरात निघणार नाही.

"आणि आई?"

"आई फोन करायची तिला. पप्पा चर्चला गेले की."

दुसऱ्या दिवशी आईंच्या मोबाईलवरून मी तिला फोन लावला. मी कोण हे सांगेपर्यंत पलीकडून आवाज आला, "वहिनीचा फोन हाय ह्यो. वहिनीला काय झालं?" मी सांगितलं. मग म्हणाली, "येते."

आली ती दुपारी, एस.टी.नं, दोन पिशव्या घेऊन. बुटकी, रुंद, तोंडात मिश्री. तिचा माणूस दोन-तीन वर्षांपूर्वी वारलेला. मी दार उघडलं तर माझ्याकडे न बघता ती सरळ पलंगापाशी गेली. आईंनी तिला पाहिलं आणि डावा हात पुढे केला. आत्या रडेल असं मला वाटलं होतं. तिनं चादर वर केली, खाली पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "ही काय दशा केली रं हिची? मानसं राहतेत का ह्या घरात?"

पप्पा खुर्चीत होते. ते उठले. "हिला कुणी बोलावलं?"

"मी बोलावलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शास्त्र उघडलं आणि आत निघून गेले. तिला घालवून दिलं नाही. मला तेव्हा ते औदार्य वाटलं. नंतर लक्षात आलं की कामवाली बाई आदल्याच दिवशी काम सोडून गेली होती, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आत्या आमच्या घरी राहिली. ती काही गोड बाई नव्हती. मला पहिल्या आठवड्यातच तिनं दोनदा रडवलं. माझ्या हातचं काहीच तिला पसंत पडायचं नाही. टीव्हीवरची मालिका मोठ्या आवाजात लावायची, आणि मध्ये कुणी बोललं की खेकसायची. शेजारणीशी नळावरून तिनं असं भांडण काढलं की ती अजून आमच्याशी बोलत नाही. पण सकाळी उठून ती पाणी तापवायची, आईंना पुसून काढायची, जखमा धुवायची, कूस बदलायची, पाठीला हवा लागावी म्हणून कुशीवर धरून बसायची. धरून बसली की जुनी भजनं गुणगुणायची. आईंना शब्द येत नव्हते, पण चाल यायची. दोघींचा तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. त्या घरातली ती एकच प्रार्थना माझ्या कानांना खरी वाटली, आणि ती प्रार्थना आहे असं त्या दोघींच्या मनातही नसावं.

पप्पा तिच्याशी एक शब्द बोलत नसत. काही हवं असलं की मला सांगायचे, "तिला सांग, टीव्ही बंद करायला." ती त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावरच बसलेली असायची. बुधवारी सभा भरली की तिनं स्वयंपाकघरात राहायचं, हेही माझ्याच तोंडून तिला कळवण्यात आलं. मला सांगताना लाज वाटली. ती म्हणाली, "राहते की. तिथं बसून माझे गुडघे धरत्यात." आणि सभेतल्या लोकांसाठी चहा तिनंच केला.

एकदा कमरेजवळची जखम भरत आली होती ती पुन्हा फुटली. त्या दिवशी मी शाळेतून आले तर आत्या मागच्या दारात पायरीवर उभी राहून आभाळाकडे बघून बोलत होती. आधी मला वाटलं फोनवर आहे. "तुला दिसत न्हाई का रं बापा? डोळे हायेत न्हवं? हिनं काय केलंय तुझं? पोरांना गाणी शिकवली, लोकांच्या पोटाला घातलं. मला पाड की आडवी, मी काय लई शहाणी न्हाई. हिला कशाला?" बोलताना तिच्या हातातला ओला फडका हलत होता. मला पाहून ती गप्प झाली आणि म्हणाली, "काय बघतीस? चहा टाक."

मी तिला विचारलं, "आत्या, तुम्ही असं भांडता देवाशी?"

"मग कुनाशी भांडू? तुझा सासरा तर बोलत न्हाई."

ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस आले. पप्पांनी ठरवलं की आईंना घरी प्रभुभोजन द्यायचं. आमचे पाळक तरुण, नुकतेच आलेले, मोटरसायकलवरून घरोघरी फिरणारे. पप्पांनी त्यांना बोलावलं, शिवाय दोन पंच, भगिनी मंडळाच्या अध्यक्षबाई आणि फोटो काढायला त्या बाईंचा भाचा. आईंना सकाळीच न्हाऊ घालून, पुसून आत्यानं पांढरं पातळ नेसवलं होतं. केस विंचरले, पावडर लावली. आणि मंडळी आली तशी ती आत गेली.

पाळकांनी वाचन केलं, भाकर मोडली आणि छोटासा तुकडा आईंच्या डाव्या हातात ठेवला. आईंनी तो तोंडात घातला नाही. मूठ मिटली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून घशातून आवाज काढायला लागल्या. तो आवाज आत्याच्या ओळखीचा होता. तिला वाटलं ठसका लागला. ती हात पुसत धावत बाहेर आली आणि सगळ्यांना बघून दारातच थांबली.

आईंनी हात तिच्याकडे केला आणि मूठ उघडली. तळहातावर भाकरीचा तुकडा होता.

कुणाला काय चाललंय हे कळायला वेळ लागला नाही. त्या खोलीत प्रत्येकाला कळलं. आत्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती एक पाऊल पुढे आली.

"तिला नाही," पप्पा म्हणाले. "तू घे."

आईंनी मान हलवली. हात तसाच पुढे.

"पाळकसाहेब, आपण पुढं चालू ठेवा. तिला समजत नाही."

"समजतंय त्यांना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

पप्पा पलंगापाशी गेले. आईंनी मूठ पुन्हा घट्ट मिटली होती. त्यांनी आईंची बोटं एकेक करून उघडली. चांगल्या हाताची, ज्यात तेवढीच काय ती ताकद उरली होती, त्या हाताची बोटं. तुकडा काढून घेतला आणि आईंच्या ओठांना लावला. आईंनी ओठ मिटले. त्यांनी दाबलं. भाकर चुरली आणि त्यांच्या छातीवर, पातळावर, उशीवर सांडली. भाच्यानं मोबाईल खाली घेतला. अध्यक्षबाई भिंतीकडे बघत होत्या. तरुण पाळक हातातल्या पेल्याकडे बघत होते, आणि मग त्यांनी डोळे मिटून घाईघाईनं समाप्तीची प्रार्थना म्हटली. त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. एक शब्द त्यांच्या अधिकारात होता.

आत्या पुढे झाली. "चुरा टोचतो तिला," एवढंच म्हणाली आणि आईंच्या अंगाखालून, उशीवरून एकेक कण वेचून मुठीत घेतला. तिला कुणी अडवलं नाही. मी तिच्या मागोमाग आत गेले. ती ओट्यापाशी मूठ धरून उभी होती. सगळ्या गावाशी भांडणारी बाई, आणि लहान मुलीसारखं मला विचारते, "खाऊ का गं?"

"खा," मी म्हटलं. "खा आत्या. आईंनी दिलीय तुम्हाला."

तिनं मूठ उघडून पाहिली. मग मान हलवली. "न्हाई. चोरून कशाला खाऊ? बोलावून दिली असती तर खाल्ली असती." खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती. तिच्या मातीत तिनं तो चुरा ठेवला, वरून बोटानं माती सारली आणि कूस बदलायची वेळ झाली म्हणून बाहेर गेली.

संध्याकाळी मी पप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी त्या आवाजात बोलले. "आईंच्या पाठीवर जखमा कुठं कुठं आहेत, सांगा बरं पप्पा."

त्यांनी शास्त्रातून वर पाहिलं.

"सांगा ना. कपाळावर हात ठेवता ना रोज? खाली कधी बघितलंत? आणि जिनं बघितलं तिला दिलेली भाकर काढून घेतलीत."

"नियम मी केलेला नाही," ते म्हणाले. "तिनं मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागावी. दार उघडं आहे."

"आणि तुम्ही कुणापुढे उभं राहणार?"

त्यांनी पुन्हा शास्त्रात मान घातली. त्यांना माझा प्रश्न समजलाच नाही, असं मला आजही वाटतं. त्यांच्या हिशेबी ते रोजच उभे राहत होते.

उन्हाळ्यात आई गेल्या. सकाळची वेळ, आत्यानं कपाळ पुसायला ओला फडका घेतला होता. ती मला हाक मारून म्हणाली, "ये गं, वहिनी चालली." आम्ही दोघींनी एकेक हात धरला. पप्पा अंघोळीला गेले होते.

आत्यानं आईंना शेवटचं न्हाऊ घातलं. तोवर भगिनी मंडळ येऊन पोचलं. अध्यक्षबाई तिला म्हणाल्या, "आता सरा, आम्ही बघतो." आत्या सरली. पांढरा झगा, फुलं, लेस लावलेली शवपेटी, सगळं नेमकं आणि नीटनेटकं झालं. ज्यांनी कधी चादर बदलली नाही त्यांनी झग्याच्या चुण्या फार सुंदर घातल्या.

चर्च गच्च भरलं होतं. पप्पांनी साक्ष दिली. आजारपणात देवानं त्यांना कसं बळ दिलं, पत्नीच्या उशाशी त्यांनी कसे दिवस काढले, शेवटपर्यंत तिच्या ओठांवर कालवरी कशी होती. बायका रडत होत्या. आत्या मागे दाराशी उभी होती, चपला हातात घेऊन.

मग पाळकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, आणखी कुणाला बोलायचं आहे का. मी उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"आई कालवरी म्हणत नव्हत्या," मी म्हटलं. "त्या काष्टी म्हणत होत्या. त्यांची नणंद काष्टीला असते. तिला बोलवा म्हणून सांगत होत्या. ती आली, आणि आईंच्या अंगाला रोज हात लावणारी तीच एक होती. ती आत्ता दाराशी उभी आहे. तिला पुढं बोलवा. नाहीतर हे सगळं खोटं आहे."

पाळक हातातल्या पुस्तकाची पानं उलटू लागले. पहिल्या बाकावरून पप्पांनी पेटीवाल्याकडे बघितलं, अगदी थोडं. पेटी वाजायला लागली आणि मंडळी गीताला उभी राहिली. माझा आवाज त्यात बुडाला. मी पुढे एकटी उभी होते, आईंच्या शवपेटीपासून हातभर अंतरावर.

तेव्हा माझे मिस्टर उठले. वडिलांच्या शेजारून, पहिल्या बाकावरून. मला वाटलं ते मला खाली बसवायला येताहेत. ते मधल्या वाटेनं चालत मागे गेले आणि आत्याच्या शेजारी दारात उभे राहिले. उपासना संपेपर्यंत ते परत आले नाहीत. त्यांनी आजवर माझ्यासाठी जे काही केलं त्यात हे सगळ्यात मोठं, आणि ते त्यांनी माझ्यासाठी केलंच नव्हतं.

माती झाल्यावर आत्या काष्टीला गेली. आम्ही महिन्याभरात कारखान्याच्या बाजूला भाड्यानं घर घेतलं. मंडळीच्या ग्रुपवरून मला काढण्यात आलं. पाळक एकदा नव्या घरी आले, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले की आत्यांनी अर्ज करावा, मी पंचांशी बोलून बघतो, फक्त एकदा उभं राहून क्षमा मागावी लागेल. मी त्यांच्यासमोरच आत्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिनं ऐकून घेतलं.

"कशाची क्षमा मागू?" ती म्हणाली. "त्याच्यासंगं राहिले त्याची? त्यो लई चांगला हुता, पाळकसाहेब. दुसऱ्या लई गोष्टींची मागायची हाय, पन तुमी त्या इचारत न्हाई."

पाळकांनी चहा तसाच ठेवला. मी चर्चला जाणं सोडलं. घरी प्रार्थना करायला बसते कधी कधी, आणि सासऱ्यांचं ते सुंदर मराठी कानात वाजायला लागतं. मग मी उठते.

गेल्या पावसाळ्यात पप्पा पडले. खुब्याचं हाड मोडलं. मिस्टर रोज जायचे, एक माणूस ठेवला होता, तो टिकला नाही. मंडळी येऊन प्रार्थना करून गेली. मी गेले नाही. मी जाणार नाही असं स्वच्छ सांगितलं, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. एक दिवस मिस्टर कारखान्यातून आले आणि म्हणाले, "आत्या आलीय. पप्पांकडे."

मी तशीच स्कूटी काढून गेले. ती अंगणातल्या नळावर चादर आपटत होती. पप्पांची चादर. मी तिच्यावर ओरडले. इतकी ओरडले की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. "कुणी बोलावलं तुम्हाला? विसरलात का सगळं? आईंची बोटं कशी उघडली होती त्यांनी? कशाला आलात त्यांचं धुवायला?"

"मला कुनी बोलावलं न्हाई," ती म्हणाली. "भाऊ हाय माझा."

"ते तुम्हाला बहीण म्हणत नाहीत!"

"न्हाई म्हनत. मी म्हनते." तिनं चादर पिळली. एका टोकाला मला धरायला दिलं, आणि मी रागातच धरलं. "तुला वाटतं मला राग न्हाई? लई हाय. रोज सकाळी पानी तापवताना वाटतं, उकळतं वतावं अंगावर. मग गार पानी मिसळते." ती हसली नाही. "ते गार पानी मिसळायचं बळ काय माझं न्हाई, बाई. माझं असतं तर मी कवाच गेले असते."

मी आत गेले नाही. उघड्या दारातून पलंगाचा कोपरा दिसत होता आणि भिंतीवरचा आईंचा फोटो, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार. आतून पप्पांचा आवाज आला, काहीतरी मागत असावेत. आत्या लगेच गेली नाही. चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले, मगच हात पुसले.

"बोलतात का तुमच्याशी?" मी विचारलं.

"काल बोलला."

"काय म्हणाले?"

"आमटीत मीठ कमी हाय म्हनला."

एवढ्या वर्षांत सख्ख्या बहिणीशी पहिलं वाक्य. आत्याच्या तोंडावर त्याचं हसू होतं, आणि ते खरं हसू होतं. मला हसू आलं नाही. मी स्कूटी चालू केली आणि घरी आले.